खळ्यावरचा बार

म्हैस घ्यायची असली तर मला दोन दिवस पुरतात. पहिल्या दिवशी दूध काढून बघायचं, दुसऱ्या दिवशी न सांगता जाऊन पुन्हा काढून बघायचं. बंदूक घ्यायची की नाही हे ठरवायला मात्र अख्खा पावसाळा गेला. आणि बंदूक तरी कोणती, तर माझ्या वयापेक्षा जुनी, एका नळीची भरमार.

भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. तिला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर चिंधी कोंबायची आणि लोखंडी गजानं ठासायची. मागे बारीक बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीची ठिणगी आतल्या दारूला लागते आणि बार होतो. एका वेळी एकच. दुसरा हवा असेल तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बंदूक मामाजींची होती. मामाजी माझे सासरे नव्हेत, शेजारी. पण दिघोरीत सासऱ्याच्या वयाच्या सगळ्यांना मी मामाजीच म्हणत आले, आणि तेही मला सुनबाई म्हणत. त्यांचं शेत आणि माझं शेत यांच्यामध्ये एकच धुरा. पलीकडे बोडी, म्हणजे लहान तळं, आणि बोडीपलीकडे जंगल. धान लोंबीवर आलं की रानडुकरं बोडीच्या पाळीवरून सरळ बांधीत, धानाच्या वाफ्यात, उतरतात. खातात थोडं, तुडवतात जास्त. सकाळी जाऊन पाहावं तर बांधीत कुणी कुस्त्या खेळून गेल्यासारखं दिसतं.

मामाजींना तरुणपणीच पीक संरक्षणाचा परवाना मिळाला होता. त्यांनी आयुष्यात एकही डुक्कर मारलं नाही. मारायला वेगळी परवानगी लागते, आणि त्यांना मारायचंही नव्हतं. दिवस बुडता बुडता ते चार बल्ल्यांवर बांधलेल्या माळ्यावर चढायचे, नुसती दारू आणि चिंधी ठासून आभाळाकडे एक बार काढायचे आणि उतरून घरी जेवायला जायचे. त्या एका आवाजावर आमच्या बाजूची सात-आठ घरं निर्धास्त झोपत. डुकरं यायचीच नाहीत असं नाही, पण दुसरीकडे जायची.

ठासायला चिंधी मी पुरवायची. माझं माहेर विणकरांचं. हातमागावरच्या जुन्या सुती लुगड्याची चिंधी नळीत घट्ट बसते, असं मामाजींचं मत होतं. टेरिकॉटला ते हात लावत नसत. "तुझ्या बापाच्या मागाचं कापड हाय सुनबाई, दारूले बरोबर धरून ठेवते," म्हणायचे. बापाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चाळीस वर्षं लुगडी विणली, आता नाव झालं ते चिंधीचं."

हंगामातला शेवटचा बार खळ्यावर होई. शेवटची रास झाली, तिच्यावर हळदकुंकू वाहिलं की मामाजी बंदूक उचलायचे. तो बार झाला की पिकाची जागली संपली, माळा मोडायला मोकळे. पोरीबाळी कानावर हात ठेवून उभ्या राहायच्या. ही पद्धत त्यांच्या वडिलांपासूनची.

त्या उन्हाळ्यात मामाजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते जमलं नाही. दुसरा आधीच अधू. मुलगा पुण्याला. त्याचं म्हणणं, बंदूक ठाण्यात जमा करून टाका. परवान्याचं नूतनीकरण हिवाळ्यात यायचं होतं. आता जमा केलेली बंदूक परत आणायला घरात कुणीतरी परवानेदार लागतो, आणि मामाजींच्या घरी तसा कुणी होणार नव्हता. मालखान्यात गेलेली वस्तू गंजूनच संपते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आधी त्यांनी भाच्याला विचारलं. भाचा घ्यायला तयार होता, पण त्याचं गाव अर्जुनीकडचं. पूर्वी आम्ही सगळे एकाच कलेक्टरच्या हाताखाली. जिल्ह्याचे दोन झाले आणि भाच्याचं गाव गोंदियात गेलं. आता इकडची ना-हरकत, तिकडची परवानगी, दोन्हीकडचे पोलीस. भाच्यानं दोन चकरा मारल्या आणि फोन उचलणं बंद केलं.

मग एके दिवशी सकाळी मामाजी काठी टेकत माझ्या अंगणात आले. मी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायला शेतावर जायच्या गडबडीत होते.

"सुनबाई, तू घे."

"काय घेऊ?"

"बंदूक. तुझ्या नावानं सातबारा हाय, जंगल तुझ्या धुऱ्याले लागून हाय. तुले भेटन परवाना."

"मले कोठी चालवता येते, मामाजी?"

"मले तरी कोठी दिसून राहिलं आता?" ते म्हणाले. "चालवाले डोरे नाही लागत. आभायाकडं करायची अन् ओढायची. आभाय चुकत नाही."

मी हसले, पण विचार करते म्हणाले. नवरा एसटीत कंडक्टर, एक दिवस ड्युटीवर, एक दिवस घरी, आणि घरी असला की झोपेत. शेती मीच बघते. त्याला विचारलं तर म्हणाला, "घे ना. तुझ्या हाती बंदूक आली तं गावात कोनी उधार मागनार नाही." आणि कूस बदलून पुन्हा झोपला.

मी बाजूनं आणि विरुद्ध, दोन्हीकडून विचार केला. बंदूक गेली तर डुकरं माझ्याच बांधीत पहिली उतरणार, हे नक्की. पण दारू आणायची कुठून? पावसाळ्यात ती ओल धरते, ती सांभाळायची कशी? निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करा, निवडणूक संपली की आणा. घरी कुलपात ठेवा. मी एकटी असताना कुणी मागायला आलं तर? आणि मुळात, ही वस्तू चांगली आहे की नाही हे मला कळणार कसं? म्हशीचे दात बघता येतात.

रोवणी आटोपल्यावर एसटी धरून भंडाऱ्याला गेले. कलेक्टर ऑफिसातल्या बाबूनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"अर्ज कोनाचा आहे?"

"माझा."

"शेत कोनाच्या नावानं?"

"माझ्या."

"मालक काय करते?"

"तिकिटं फाडते."

त्यानं मान वर केली. "रिव्हॉल्वर तं नाही ना मागत, बाई?"

"डुकरं आहेत साहेब, डाकू नाहीत. भरमार आहे, जुनी. माझ्या शेजाऱ्याची."

मग तो जरा सरळ बसला. कोणते कागद लागतील ते त्यानं नीट लिहून दिलं. सातबारा, तलाठ्याचा दाखला, वनविभागाचं पत्र, पोलिसांची चौकशी, मग विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं संमतीपत्र. "जुनी वस्तू घेऊन राहिल्या, तपासून घेजा," एवढंही म्हणाला. येताना मी भांड्यांच्या दुकानातून घट्ट झाकणाचा पितळेचा डबा घेतला. घरी आल्यावर लक्षात आलं की ठरवलं तर काहीच नव्हतं, आणि दारूचा डबा मात्र घेऊन बसले होते.

चौकशीला हवालदार आला तेव्हा मामाजी स्वतःहून ओट्यावर येऊन बसले.

"बाई भांडखोर आहे काय?" हवालदारानं त्यांना विचारलं.

"हाय नं जी," मामाजी म्हणाले. "पन तोंडानंच. हत्याराची गरजच नाही पडत."

हवालदार हसून चहा पिऊन गेला. कागद पुढे सरकले. संमतीपत्र करायला लाखांदूरला जायचा दिवस ठरला. मामाजींनी धुतलेलं धोतर आदल्या दिवशीच काढून ठेवलं, असं मामी म्हणाल्या. मामी म्हणजे त्यांची बायको.

त्याच आदल्या दिवशी, दुपारी, मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, सही करायच्या आधी एकदा नीट पाहू द्या. मधल्या खोलीत खुंटीवर बंदूक टांगलेली. उन्हाळ्यात लेकीच्या मुली नागपूरहून येतात, त्यांची अंथरुणं त्याच खुंटीखाली पडतात. मामाजींनी हातानं चाचपडत बंदूक उतरवली, अंगणात आणली आणि पोत्यावर ठेवली. दस्ता तेल पाजून गुळगुळीत ठेवलेला. घोडा ओढला तर कुरकुर नाही. बोंडीवर टोपी नव्हती. लोखंडावर गंज नव्हता. वस्तू जपलेली होती.

"भरून दाखवतो," ते म्हणाले. "डबा आन."

"थांबा. आधी ती रिकामी आहे हे मले पाहू द्या."

"रिकामीच हाय. मागच्या साली खळ्यावर बार काढला, तवापासून हात नाही लावला."

मी हट्ट का धरला, सांगता येत नाही. सवय म्हणायची. ढोलीत धान किती उरलं हे आम्ही काठी घालून बघतो, डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. तशीच मी बंदुकीचं तोंड परसाकडे करून गज नळीत सोडला. तो आत जाऊन थांबला. थप्प. मी तोंडाशी अंगठा धरला, गज तसाच बाहेर काढला आणि नळीच्या बाहेरून लावून पाहिला. अंगठ्यापासूनचं टोक बोंडीपर्यंत पोचायला हवं होतं. तीन बोटं कमी पडत होतं.

मी पुन्हा मोजलं. पुन्हा तीन बोटं.

"मामाजी, आत काहीतरी आहे."

"माती असन. कुंभारीन माशी घरटं करते नळीत."

"कुंभारीन तोंडाशी करते. हे तळाशी आहे."

त्यांनी माझ्या हातातून गज घेतला, स्वतः सोडला. रिकाम्या नळीत गज टाकला की तो तळाच्या लोखंडावर आपटून उडतो, हे त्यांनीच मला नंतर शिकवलं. तेव्हा तो उडाला नाही. त्यांच्या हाताला ते कळलं असणार, कारण त्यांनी गज पोत्यावर ठेवून दिला. मामी ओरडल्या.

"पोरी झोपत होत्या हो तिच्या खाली!"

"टोपी नव्हती तिले," मामाजी म्हणाले.

भरलेली भरमार रिकामी करायचा साधा मार्ग म्हणजे झाडणं. पण आत वर्षभराची दारू, वर टोपी चढवायची माझी तयारी नव्हती आणि त्यांचीही नव्हती. मामींनी चुलीवरचं कोमट पाणी दिलं. मी ते थोडं थोडं नळीत ओतलं. अर्धा तास आम्ही तिघं अंगणात बसून राहिलो. मामाजींनी गजाच्या टोकाला मळसूत्र बसवलं, ते आत घालून पिळायचं आणि ओढायचं. त्यांना जमेना, म्हणून मी ओढलं. आधी काळं पाणी आलं. मग चिंधी.

ती मी ओळखली. निळ्या काठाची होती. माझं एक लुगडं होतं, राखाडी, निळ्या काठाचं, ते मी फाडलं ते मागच्या वर्षी खळं संपायच्या दिवशी सकाळी, आणि पहिली चिंधी मामाजींना दिली होती. बारासाठी.

म्हणजे तो बार झालाच नव्हता.

मला सगळं आठवलं. मी तिथंच होते. संध्याकाळ होती, पलीकडच्या खळ्यावर मशीन चालू होतं. मामाजींनी बंदूक वर केली, चाप ओढला, आणि 'टिक्' असा बारीक आवाज आला. टोपी फुटली, दारू पेटली नाही. ओल धरली असणार. मामाजींनी समाधानानं बंदूक खाली घेतली आणि "झाली," म्हणाले, म्हणजे बंदूक रिकामी झाली. नुसत्या चिंधीच्या बाराला धक्का असा बसतच नाही. धूर दिसायला त्यांचे डोळे नव्हते. आणि कान, तीस-चाळीस वर्षं बाराशेजारी राहिलेले ते कान, कधीचेच गेले होते, जवळ येऊन मोठ्यानं बोललं तेवढंच कळायचं, आणि मशीनच्या घरघरीत काहीच नाही. माझा दीर माझ्या मागे पुटपुटला, "बुढ्यासंगं बारही बुढा झाला." मी हसले. बाजूच्या बाया हसल्या. कुणीही म्हणालं नाही की मामाजी, झाली नाही. म्हाताऱ्या माणसाला खळ्यावर चारचौघांत कशाला सांगायचं, असं सगळ्यांनाच वाटलं असेल. मला तर तेवढंही वाटलं नव्हतं. मी फक्त हसले होते.

मामाजी ती ओली चिंधी बोटांत फिरवून बघत होते. काठ त्यांच्या बोटाला लागला.

"हे तुझं कापड."

"हो."

"तवाचं."

"हो."

चिंधी पोत्यावर ठेवून ते म्हणाले, "मले नाही ऐकू आला. तुमाले?"

खोटं बोलायला ती वेळ चांगली होती, आणि ते त्यांना हवंही असेल. पण खरं न सांगितल्यानंच तर ती भरलेली बंदूक उन्हाळाभर मुलींच्या डोक्यावर टांगलेली राहिली होती.

"आमालेही नाही आला, मामाजी. आवाज झालाच नव्हता. आमी हासलो."

"तू बी?"

"मी बी."

मामी पाणी आणायला म्हणून आत गेल्या. पाणी आणलं नाही. मामाजींनी बंदूक मांडीवर घेतली, नळीच्या तोंडात करंगळी घालून फिरवली, काळी झाली ती धोतराला पुसली.

"उद्या लाखांदूरले नाही जायचं," ते म्हणाले. "तू नको घेऊ. मी तिले जमा करून देतो."

तेव्हा, त्या क्षणी, माझं ठरलं. पावसाळाभर ठरत नव्हतं ते. मला जे माहीत नव्हतं ते आता माहीत झालं होतं. बंदुकीत खोट नव्हती. वर्षभर ओली दारू पोटात धरून लोखंडाला आतून काही झालं की नाही तेवढं बघायचं होतं, ते मिस्त्री बघेल. खोट आमच्यात होती, आणि ती काढता येण्यासारखी होती. म्हैस लाथ मारते हे कळलं तर आपण म्हैस सोडत नाही, मागचे पाय बांधून दूध काढतो. आणि एक गोष्ट मला स्वच्छ दिसत होती. बंदूक आज जमा झाली तर मामाजींच्या आयुष्यातला शेवटचा बार म्हणजे तो न झालेला बार राहणार होता, ज्याला आम्ही हसलो.

पण हे मी त्यांना बोलले नाही. मी म्हणाले, "साडेसातची एसटी आहे. मामींना सांगा, भाकरी बांधून द्या."

"तू आयकून नाही राहिली."

"ऐकून राहिली. तुमालेच ऐकू येत नाही."

त्यावर ते हसले. म्हणजे, तोंडाचा एक कोपरा हलला.

संमतीपत्र झालं. परवाना मात्र त्या हंगामात आला नाही, बंदूक मधल्या काळात ठाण्यात जमा राहिली. त्या वर्षी आम्ही माळ्यावर पाळीपाळीनं डबे बडवले. माझ्या बोडीकडच्या दोन बांध्या डुकरांनी कुटल्या. कागद हातात यायला पुढचा उन्हाळा उजाडला. बंदूक घ्यायला मामाजी माझ्याबरोबर आले. ठाण्यातल्या माणसानं ती पुढे ठेवली, तेव्हा सहीच्या आधी मामाजींनीच गज मागितला. तोंड भिंतीकडे करून नळीत सोडला. ठण्ण झालं आणि गज वीतभर उडाला. "ऐकू आलं?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं, तेव्हा त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. बार मी काढायचा. गज ते टाकणार. त्यांच्या हातानं "झाली" म्हटल्याशिवाय झाली नाही. त्या हंगामात रोज संध्याकाळी ते माळ्याखाली येऊन बसायचे, काठी आणि गज घेऊन. दारू पितळेच्या डब्यात, डबा कोंड्याच्या ढोलीत पुरलेला, तरी मी दर आठवड्याला चिमूटभर चुलीजवळ तपासून बघायचे.

आणि तरीही, खळ्यावरच्या माझ्या पहिल्या बाराला, टिक् झालं.

सगळे होते. रास, हळदकुंकू, कानावर हात घेतलेल्या पोरी, माझा दीर, आणि त्या दिवशी नेमका घरी असलेला नवरा. मी चाप ओढला आणि घोडा पडला. बस. मला तर पहिल्या क्षणी वाटलं की झाली. आवाजाची मी एवढी वाट बघत होते की तो झाल्यासारखाच वाटला. मी नळी खाली आणणार, तेवढ्यात मागून माझ्या दिराची आरोळी आली.

"नाही झाली, वहिनी! नाही झाली! वरतच ठेवा!"

मग बायाही ओरडल्या, "नाही झाली, बाई!" सगळं खळं ओरडत होतं. कुणी हसत नव्हतं.

मी नळी आभाळाकडेच धरून उभी राहिले. हात भरून आले. बराच वेळ गेल्यावर, दारू उशिरानं पेटायची भीती टळल्यावर, मामाजी काठी टेकत पुढे आले. माझ्या दंडाला चाचपून त्यांनी मला नळी तिरपी धरायला लावली, आणि बाजूला उभं राहून गज आत सोडला. थप्प. त्यांच्या तोंडाकडे सगळे बघत होते.

"नाही झाली," ते मोठ्यानं म्हणाले. बहिऱ्या माणसाचं मोठ्यानं. "पानी आना."

नवरा पाणी आणायला धावला. मी त्याला इतकं जलद धावताना लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

पाणी ओतलं, चिंधी काढली, नळी पुसून वाळवली, पुन्हा भरली. या सगळ्यात तासभर गेला, रासेवर दव पडायला लागलं, पोरी कंटाळल्या, पण घरी कुणी गेलं नाही. दुसऱ्यांदा बार झाला. कुत्री भुंकली, बोडीवरची पाखरं उठली. तरी मी बंदूक खाली घेतली नाही. मामाजी आले, गज टाकला, तो उडाला, त्यांनी तो हवेत धरला.

"झाली," ते म्हणाले, आणि मग माळा मोडायला घेतला.